तुझ्या नावाचा कुकर

मंदे, तुझ्या शोकसभेत गप्प बसायचं असं ठरवून मी गेले होते, आणि ते काही जमलं नाही. तुला हसू येईल. इतकी वर्षं एका बाकावर बसून आपण स्विच जोडले, माझी जीभ तुझ्याइतकी कुणाला माहीत असणार! पण तुझं तेरावं नुकतंच झालेलं, समोर तुझी लेक सुनीता मान खाली घालून बसलेली. म्हटलं, आज गेलेल्या माणसाचा मान ठेवू. तो मान ठेवायचा विचार फक्त माझ्याच मनात होता, हे मागाहून कळलं.

सभा मानपाड्याच्या आपल्या शेडमध्येच झाली, जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे कामाचा वेळ वाया जायला नको. पत्रा कापणाऱ्या प्रेस खात्यातले पुरुष मागे उभे, आपण बायका आपापल्या बाकावर, डबे मांडीखाली. पॅकिंगच्या टेबलावर तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार. फोटो तो हळदीकुंकवाचा, आपल्या शेडमधल्या ज्योतीच्या भावाने काढलेला. तो 'काकू, हसा' म्हणाला म्हणून तू मुद्दाम तोंड फुगवलं होतंस. कंपनीने तोच मोठा करून फ्रेममध्ये घातला.

धाकटे शेठ बोलायला उभे राहिले. थोरले शेठ गेल्यापासून कारखाना तेच बघतात, हे तुला वेगळं सांगायला नको. म्हणाले, "मंदाताई आमच्या कुटुंबातल्याच होत्या. कायम हसतमुख. कधी कसली तक्रार नाही." मंदे, तू आणि तक्रार नाही! ह्यांच्या वडिलांना भर शेडमध्ये अडवून 'बायकांच्या संडासाला कडी कधी लावनार?' असं विचारणारी बाई एका मरणाने इतकी गुणी झाली! मी ओठ दाबून बसले. मग बाहेरचा माल देशात कसा येऊ लागलाय, जग कसं खुलं झालंय, स्पर्धेत टिकायचं तर हात कसे भराभर चालले पाहिजेत, हे सगळं झालं. आणि शेवटी म्हणाले, "त्यांची आठवण राहावी म्हणून दर महिन्याला सर्वांत जलद काम करणाऱ्या भगिनीला मंदाताई स्मृती पुरस्कार देण्यात येईल. एक प्रेशर कुकर आणि शाल."

तेव्हा मी उठले. म्हटलं, "शेठ, तिच्या नावाने दुसरं काहीही द्या. शेडला पंखे द्या, पाण्याचा माठ द्या. हे नको."

"का हो शैलाताई?"

"कारण ती ह्याच गोष्टीशी जन्मभर भांडली."

शेठ हसले आणि घड्याळाकडे बघून सभा संपली म्हणाले. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते न कळल्यामुळे दोघी-तिघींनी वाजवल्या. पोरी माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच त्यांच्या घरचा कुकर उचलून नेला. ज्योती तर बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, फुकटात मिळतोय ना? मग तुमचं काय जातंय? उगाच टेन्शन घेता."

तिचा काय दोष? तिला ती घड्याळवाल्या साहेबांची गोष्ट कुणी सांगितलेली नाही. तू तर मेलीस तरी सांगितली नसतीस, आणि तसंच झालं. आता मी सांगणार आहे. तुला राग आला तर येऊ दे.

तू बाळकुमच्या कोळ्यांची, सासर ठाकुर्लीचं. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलं, मासळी गेली, आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवून तू त्याच कारखान्यांच्या दारात कामाला आलीस. आमच्या ह्यांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, म्हणून मी आले. दोघींना एकाच बाकावर बसवलं. काम अंगावरचं, म्हणजे जेवढे स्विच जोडाल तेवढेच पैसे. ताप आला, पोटात दुखलं, तर ते तुमचं नशीब. माझी स्प्रिंग उडून शेजारणीच्या अंबाड्यात जायची. तू बोलता बोलता, हाताकडे न बघता ट्रे भरायचीस. मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणालीस, "शिकाचा काय गो त्यात? कोलंबी सोलून सोलून बोटा तशीच झाल्यान."

मग एक दिवस ते साहेब आले, गळ्यात दोरीने घड्याळ अडकवलेले. थोरल्या शेठनी बोलावलेले. बाकाबाकाशी थांबून बघत होते, काही विचारत नव्हते. हा कामाचा वेळ मोजायला आलाय, हे जुन्या बायकांनी ओळखलं. आपल्यात सगळ्यांत वयस्क इंदूबाई. त्या दोनदा खाकरल्या आणि शेडभर सगळ्यांचे हात सावकाश झाले. साहेब तुझ्यापाशी आले, जरा वेळ बघितलं आणि मुकादमाला म्हणाले, "ह्या बाईंचं नाव ऐकलं होतं. पण ह्यांनाही फारसं जमत नाही वाटतं."

झालं! इंदूबाई खाकरून खाकरून लाल झाल्या, मी टेबलाखालून तुझ्या पायावर पाय दिला. तुला कशाचं भान? "नाय जमत? बगा मंग," म्हणालीस, पदर खोचलास आणि सुटलीस. मी तुझे हात तसे त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. खरं सांगते, त्या क्षणी मलासुद्धा तुझा अभिमान वाटला होता. साहेबांनी घड्याळ बंद केलं, "वा!" म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात दर कापला. तू तेव्हा ज्या वेगाने हात चालवलेस त्याच हिशेबाने सगळ्यांचं दिवसाचं काम ठरलं. कालच्याच पैशांसाठी आज दीडपट हात चालवायचे, आणि इंदूबाईंची बोटं तर संधिवाताने वाकडी. बायकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. नळावर तू एकटी उभी असायचीस. तिथे एकदा मला म्हणालीस, "मना काय ठावूक गो! आमच्याकरं जिचा हात चालतो ती आपली पाटी सोलून झाली का दुसरीच्या पाटीला बसते. मंग सगल्या लवकर घरी. हात चालला म्हनून दुसरीच्या पोटावर पाय येतो, असा कंदी पायला नव्हता."

मंदे, सरकारपासून शेठपर्यंत सगळे हल्ली उत्पादन वाढवा, उत्पादन वाढवा म्हणून सांगतात ना, तेव्हा दर वेळी मला तुझी ती पाटी आठवते. वाढवा म्हणणारे पुष्कळ आहेत, वाढलेलं कुणाच्या ताटात पडतं ते विचारलं की त्यांना कामं आठवतात. ह्या शेडच्या शेजारी दुसरी शेड उभी राहिली, शेठची गाडी बदलली, ती आपल्याच बोटांवर. आपल्या ट्रेचा आकार तेवढा वाढला.

तू इंदूबाईंची माफी मागितली नाहीस. मागणारी नव्हतीसच. एका दुपारी उठलीस आणि आपले जोडलेले मूठभर स्विच त्यांच्या ट्रेमध्ये टाकलेस. त्यांनी रागाने ते परत तुझ्या ट्रेमध्ये ओतले. तू पुन्हा टाकलेस. त्यांनी पुन्हा ओतले. मुकादम येईपर्यंत तुमचं असंच चाललं होतं आणि आम्ही हसून हसून बेजार. तो आला तशा इंदूबाई घाईने गप्प बसल्या आणि स्विच त्यांच्या ट्रेमध्येच राहिले.

'ट्रे लेवल करणं' तिथून सुरू झालं. काम सुटायच्या आधी जिचा ट्रे भरलेला ती अर्ध्या ट्रेवालीला द्यायची. एखादी पोटुशी असेल, एखादीचं पोर आजारी असेल, कुणी काही विचारायचं नाही. सगळ्यांचे ट्रे सारखे, पैसे सारखे. शेठनी आपल्याला अंगावर ठेवलं आणि आपण आपल्यापुरतं ते रोजंदारीवर आणलं. मुकादम डोकं खाजवायचा की ह्या बायकांमध्ये कुणी हुशार नाही आणि कुणी ढ नाही, हे कसं. ह्यात सगळ्यांत जास्त तुझंच जायचं. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस.

बोलायचीस ती दुसऱ्याच गोष्टीवरून, आणि तेही माझ्याशीच. कल्याणच्या कामगार ऑफिसात जाऊन मी चौकशी केली होती, तेव्हा कळलं की सरकारने आपल्या कामाला किमान वेतन ठरवून दिलंय, आणि आपल्याला मिळतं ते त्याहून कितीतरी कमी. मी नाचतच आले. तू शांतपणे डबा उघडत विचारलंस, "किमान म्हंजे काय?"

"त्याच्यापेक्षा कमी देता येत नाही असा पगार."

"म्हंजे मानूस मरनार नाय येवढा."

"अगं, पण कायदा आहे!"

"मना कायदा नको शिकवू. पलीकरं प्रेसवाल्यांना किती मिलतं? ते बापे, आपुन बाया, येवढाच फरक हाय ना? तेवढा माग."

"आधी उंबरा तरी ओलांडू दे मंदे!"

"उंबऱ्यावरच बसवून ठेवतील गो तुना, जल्मभर. आनि तू बोलशील, बगा आमी घरात आलो."

हे भांडण आपण किती वर्षं केलं? डबा खाताना, नळावर, ठाकुर्लीच्या फाटकापाशी उभं राहून. एकदा आपण सगळ्या गेटबाहेर बसलो होतो तेव्हाही तेच. थोरले शेठ बाहेर येऊन म्हणाले, बायकांचा पगार म्हणजे घराला हातभार, पुरुषांची गोष्ट वेगळी. तू उठलीस. "माज्या घरी या शेठ. नवरा बसून हाय, सासू झोपून हाय, पोरगी साळेत हाय. हात कोनाचा नि भार कोनाचा, बगून जा." त्या वेळी आपल्याला निम्मंच मिळालं: कापलेला दर परत आला, पण रोजावर काही घेतलं नाही. परतताना मी म्हटलं, किमानावर अडून बसलो असतो तर ते मिळालं असतं. तू म्हणालीस, जास्त मागितलं म्हणून निम्मं तरी मिळालं. आणि तू गेलीस तोवर ह्याचा निकाल लागलाच नव्हता. मला अजूनही वाटतं, तू चुकत होतीस. पायाखाली आधी फरशी लागते, मग उडी मारता येते. तुला सरळ उडीच मारायची असायची.

असो. कुकरकडे येते. तो जाहीर झाला आणि पोरींनी ट्रे लेवल करणं सोडलं.

ठाकुर्लीला तुझ्या घरी गेले. सुनीता गेल्या वर्षापासून आपल्याच बाकावर, तुझेच हात घेऊन आलेली; पहिला कुकर तिलाच मिळणार हे सगळ्यांना दिसत होतं. मी विषय काढला. ती म्हणाली, "मावशी, घरातल्या कुकरची शिट्टीपण धड नाहीये. आणि आईच्या नावाचा कुकर दुसरीच्या घरी गेला तर मला बरं वाटेल?" मी तिला घड्याळवाल्या साहेबांची गोष्ट सांगितली. इंदूबाईंचं खाकरणं, तुझा खोचलेला पदर, सगळं. ती म्हणाली, "मला वाटायचं, माझी आई कधी चुकलीच नाही." मी म्हटलं, "चुकली, आणि मग बाकीचं आयुष्य तिने ते निस्तरलं." ती उठून चहा ठेवायला आत गेली. परत यायला तिला वेळ लागला.

बक्षिसाच्या दिवशी धाकट्या शेठनी ट्रे मोजायला लावले. सगळे सारखे. ज्योतीचासुद्धा, तिला सुनीताने काय सांगितलं कोण जाणे. शेठ दोनदा फेरी मारून आले. चिडले होते, पण प्रेसवाले पुरुष बघत होते म्हणून हसू आणलं. म्हणाले, "सगळ्याच पहिल्या! मग हा मान मंदाताईंच्या मुलीचाच. ये सुनीता, आईचा वारसा चालव." तिने कुकरला हात लावला नाही. टेबलापाशी जाऊन फोटोवरचा हार काढून ठेवला आणि फ्रेम उचलली.

"कुकर राहू दे शेठ. आईला मी घरी नेते."

"अगं, फोटो कंपनीने मोठा करून घेतलाय."

"मग फ्रेम ठेवा."

तिने फ्रेम पालथी केली, मागचे खिळे स्क्रूड्रायव्हरने वाकवले, तुला बाहेर काढलं आणि काच-लाकूड टेबलावर ठेवून दिलं. फोटो नीट गुंडाळून तिने डब्याच्या पिशवीत ठेवला आणि येऊन बाकावर बसली. मंदे, मी रडले. तुझ्या तेराव्यालाही रडले नव्हते इतकी रडले.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने तिला गेटवर अडवलं. काम नाही, आजपासून येऊ नको. आम्ही मागे होतो. कुणी कुणाला काही विचारलं नाही, आतच गेलो नाही. तेव्हापासून सगळ्या बाहेर आहोत, आणि हे मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितेय. सासवांना काय सांगायचं, दूधवाल्याला काय सांगायचं, ह्याची चिंता प्रत्येकीच्या तोंडावर आहे. आमचे हे सकाळी म्हणाले, "ह्या वयात पुन्हा?" म्हटलं, "मग कुठल्या वयात?"

आज दुपारी मॅनेजर बाहेर आले. मला बाजूला घेतलं. म्हणाले, "शैलाताई, तुमचं वर्षानुवर्षांचं म्हणणं शेठनी मान्य केलंय. अंगावरचं काम बंद. सगळ्यांना रोजावर घेतो, सरकारी किमान वेतन, भत्त्यासकट. सोमवारी आत या. फक्त त्या सुनीताचं नाव काढू नका."

मंदे, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला मोह झाला. अर्धं आयुष्य जे मागितलं ते हातावर आणून ठेवलं होतं माणसाने. ज्योतीचं घरभाडं थकलंय, आणखी दोघींच्या घरात पगार नावाची गोष्टच नाही. मी परत येऊन सगळ्यांना, सुनीतासमोरच, जसंच्या तसं सांगितलं. सुनीता म्हणाली, "घ्या मावशी. मी बघेन दुसरीकडे." त्यावर ज्योती उसळली, "ए, चल! हा झोल आहे मावशी. आज हिला काढलं, उद्या मला. आणि किमानच का? प्रेसवाल्यांएवढा पगार का नको आपल्याला?"

"अगं, आधी किमान तर पदरात पडू दे," मी म्हटलं.

आणि सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या. तुझं एकेक वाक्य, मंदे. त्यांना ती वाक्यं कुणी शिकवली? मी तावातावाने भांडले, तुझ्याशी भांडायचे तशीच. फरशी, उंबरा, कायदा, सगळं सांगून झालं. मग हात वर करायला सांगितले. माझ्या बाजूने माझा एकटीचाच हात होता.

मॅनेजर गेटच्या आत वाट बघत उभे होते. मी गेले आणि सांगितलं, "सुनीतासकट. आणि प्रेस खात्याइतका पगार."

ते जाळीतून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "शैलाताई, ह्या सगळ्यांत तुम्ही एक शहाण्या होतात."

म्हटलं, "होते."

गेट अजून बंद आहे, मंदे. आमच्यातली कुणीही घरी गेलेली नाही.